वरुणेच्या अलीकडचे काका

वरुणा नदीच्या पुलाआधी बस थांबवायची, हे आमच्या ड्रायव्हरला कधी सांगावं लागलं नाही. काका आधीच पायरीवर येऊन उभे असायचे. सगळ्या बसला हात जोडून म्हणायचे, "माझी हद्द संपली. पुढे सारनाथ तुम्ही आरामात बघा. मी इथेच आहे." मग उतरून टपरीच्या बाकावर बसायचे. तीन तासांनी आम्ही परतलो की त्याच बाकावर सापडायचे.

पहिल्या वर्षी मला त्यांचा भयंकर राग आला होता. मी पुण्यातल्या एका लहान सहल कंपनीची टूर मॅनेजर. काशीच्या सहलीसाठी स्थानिक जाणकार म्हणून आम्ही त्यांना नेमलेलं, आणि हे गृहस्थ अर्ध्या वाटेत उतरून चहा पीत बसणार!

"काका, ऑफिसला मी काय सांगू?"

"सांगा, म्हातारा काशीतून हलत नाही. जे आहे ते आहे."

त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे काशीची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही, देह ठेवायचा तो इथेच. इथे मरण आलं की सुटका, पुन्हा जन्म नाही, अशी त्यांची पक्की श्रद्धा. उत्तरेला वरुणा, दक्षिणेला असी, पूर्वेला गंगा, एवढ्यात त्यांचं जग. मी देवधर्माच्या बाबतीत जरा कोरडीच आहे. मला ते सगळं हट्टीपणाचं वाटायचं आणि मी तसं तोंडावर सांगायचे. ते हसायचे.

तुमच्यापैकी कोणी काशीला गेलं असेल तर तिथल्या गल्ल्या ठाऊक असतील. एक वळण चुकलं की माणूस भलत्याच दारात. काका दूधविनायक मोहल्ल्यात राहायचे, पाच पिढ्यांपासून. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. सकाळी आमच्या लोकांना घेऊन निघायचे ते गल्ल्यांतून शिंदे घाट, मग कडेकडेने दशाश्वमेध. पण सनावळ्या सांगण्याआधी ते पायऱ्या सांगायचे. "आता बत्तीस सीढ्या आहेत. अठरा झाल्या की बसायला चबुतरा येतो. गुडघेवाल्यांनी तिथे बसायचं, लाजायचं नाही." कोणाचा कोणता गुडघा दुखतो हे त्यांना दुसऱ्या दिवशी पाठ असायचं. आमच्या बायका त्यांच्यावर खूश असत.

मी मात्र घड्याळ बघत मागून ओरडत यायचे. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "ताई, जल्दी कशाला? काशीत लोक मरायलासुद्धा सावकाश येतात."

एकदा नावेतून घाट बघताना आमचा मल्लाह गप्पांच्या नादात नाव पार मध्याच्या पुढे घेऊन गेला. इतका वेळ शांतपणे बोलणारे काका ताडकन उठले. "अरे भैया, घुमाओ! उधर कहाँ जा रहे हो?" नाव हलली, बायका किंचाळल्या. पलीकडच्या काठावर मेलं तर गाढवाचा जन्म येतो, असं काशीत म्हणतात. एका काकूंनी विचारलं, "अहो, एवढ्यात कुठे मरताय?" काका घाम पुसत म्हणाले, "ते आपल्याला विचारून येत नाही हो." सगळे हसले, तेही हसले. पण नाव अलीकडे येईपर्यंत ते खाली बसले नाहीत.

त्यांची बायको गेली होती ती बाहेर. हे त्यांनी मला चौथ्या का पाचव्या वर्षी सांगितलं. इलाजासाठी त्यांनी तिला मुंबईला नेलं होतं. ती रोज म्हणायची, मला परत न्या, मला तिकडेच जायचंय. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा घेऊन निघाले. गाडी काशीपासून तीन तासांवर असताना ती गेली. "ती नको म्हणत होती, मीच नेलं. तिचं हुकलं," एवढंच म्हणाले. परतल्यावर महिन्याभरात त्यांनी क्षेत्रसंन्यासाचा संकल्प केला. त्यानंतर मी त्यांची थट्टा करणं बंद केलं.

मग गेल्या डिसेंबरात त्यांच्या मुलीचा मला फोन आला. ती नाशिकला असते. नवरा जहाजावर, सासू-सासरे नाहीत, आठ वर्षांची एक मुलगी. तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि घरात माणूस नव्हतं. "बाबांना मी चार वेळा सांगितलं. ते नुसते गप्प बसतात. ताई, तुम्ही बोलून बघा ना. तुमचं ऐकतात."

मी काशीतच होते. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. त्यांनी माझ्यासाठी चुडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, केला होता, वर आलं बारीक चिरून. मी वाटी हातात घेतली आणि बोलायला लागले. मला बोलायला लागल्यावर थांबता येत नाही, हा माझा दोष आहे.

"काका, पोरगी टेबलावर जाणार आणि तुम्ही इथे हद्द सांभाळत बसणार? तिला आई नाही. असला कसला मोक्ष?"

ते उठून वाट्या घासायला गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी तशीच उठून हॉटेलवर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दशाश्वमेधावर आरतीच्या चौथऱ्यापाशी भेटले तेव्हा म्हणाले, "तुमच्या विमानात एक सीट मिळेल का?"

मिळाली. आमचा ग्रुप निघाला त्याच बसमध्ये ते एक कापडी पिशवी घेऊन चढले. मी विचारलं, "गंगाजल घेतलंत का?" म्हणाले, "नाही. मुलीला बरं करायला चाललोय. गंगाजल कशाला?" वरुणा जवळ आली तसा ड्रायव्हरने सवयीने ब्रेक मारला आणि मागे वळून बघितलं. काका जागेवरूनच म्हणाले, "चलो भैया." पूल ओलांडताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

ऑपरेशन नीट झालं. फोनवर त्यांचा आवाज चक्क खुशीत असायचा. नातीला शाळेत सोडतो, मुलीला मऊ भात करून घालतो, आणि शेजारच्यांना काशी सांगतो. परतीचं तिकीट होतं. परत गेल्यावर पुन्हा संकल्प करीन, म्हणाले. "महादेवाला सांगीन, छुट्टी घेतली होती."

पण निघायच्या दोन दिवस आधी मुलीचे टाके पिकले, ताप चढला. ती त्यांना जा म्हणत होती. त्यांनी तिकीट रद्द केलं. त्यानंतर पाचव्या सकाळी, नाशिकच्या त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, ते गेले. हृदय थांबलं. काही करायला वेळच मिळाला नाही.

मला बातमी कळली तेव्हा मी ऑफिसात होते. पहिला विचार आला तो असा की मी त्यांना नेलं. त्यांनी बायकोला नेलं तसंच. मी त्या गोष्टी मानत नाही, अजूनही मानत नाही. पण ते मानत होते, आणि त्यांचं जे हुकलं ते त्यांच्या हिशेबाने हुकलं. माझ्या मानण्या-न-मानण्याने त्यात काय फरक पडतो? मी खूप रडले. पुढच्या ग्रुपला मी 'सावकाश चला' असं सांगितलं तेव्हा आमच्या ड्रायव्हरला आश्चर्य वाटलं असेल.

फेब्रुवारीत त्यांची मुलगी नवऱ्याला आणि लेकीला घेऊन काशीला आली. थोड्या अस्थी राखून ठेवल्या होत्या. मी ग्रुपला जेवायला बसवून शिंदे घाटावर गेले. नावेत गुरुजी मंत्र म्हणत होते. काकांच्या मुलीने हळूच माझा हात धरला.

"ताई, खरं सांगा. माझ्यामुळे बाबांचं हुकलं का हो?"

"तुझ्यामुळे नाही," मी म्हटलं. "मी पाठवलं त्यांना."

"तुम्ही पाठवलंत. पण ते थांबले माझ्यासाठी." मी तिचा हात घट्ट धरला.

समोर नात बसली होती. तिचे केस मुलासारखे बारीक कापलेले. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, केस का गं कापले? आईनेच सांगितलं. त्या सकाळी आजोबा तिच्या वेण्या घालत होते. एक झाली. दुसरीचे पेड हातात धरले आणि ते खाली बसले. ती घातलेली वेणी पोरीने कुणाला सोडू दिली नाही. तेरा दिवस. आंघोळीलासुद्धा नाही. शेवटी बाकी केसांचा असा गुंता झाला की कापण्याशिवाय इलाज उरला नाही.

अस्थी पाण्यात गेल्या. गुरुजी तिच्याकडे वळून म्हणाले, "बेटा, आजोबांसाठी काही आणलं असशील तर सोड." तिने स्वेटरच्या खिशातून ती कापलेली वेणी काढली. लाल रिबिनीची, वरून विसकटलेली, पण पेड न् पेड घट्ट. ती मुठीत धरून तिने हात पाण्याकडे नेला. आम्ही सगळे थांबलो होतो. मल्लाहानेही वल्हं उचलून धरलं.

तिने थोडा वेळ पाण्याकडे बघितलं, आणि वेणी पुन्हा खिशात ठेवली.