बरोबरच्या चिन्हांची रांग

दुबलगुंडीच्या घरात बसून मी हैदराबादच्या एका कंपनीचा कोड लिहितो. कोडच्या ओळीत डावीकडं नाव, मधे बरोबरचं चिन्ह आणि उजवीकडं किंमत असते. ही चिन्हं मागंपुढं दिसली की माझं डोकं उठायचं. स्पेसबार बडवून मी ती एका रेषेत आणायचो, आणि एखादं लांब नाव आलं की सगळी पुन्हा विस्कटायची.

एका दुपारी मला कोड लिहायच्या एडिटरला जोडायचं एक प्लगिन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्रॅम, सापडलं. ओळी निवडून बटण दाबलं आणि सगळी चिन्हं पोलीस भरतीतल्या पोरांसारखी एका रांगेत ताठ उभी राहिली. मी ओरडलोच. अक्का पिठाच्या हातानं धावत आली.

"काय झालं रे?"

"बघ की, कसं सरळ झालंय!"

"आधी चालत न्हवतं का?"

"चालत होतं."

"मग कामून बोंबलायलास?" म्हणत ती भाकरीकडं परतली.

मला कुठला धीर! मी अख्ख्या प्रोजेक्टवर प्लगिन फिरवलं आणि काम पाठवून दिलं. संध्याकाळी आमच्या टीमचा प्रमुख, औरादचा अण्णा, फोनवर कडाडला, "सगळ्या फाइली बदलल्यास की! नवीन काय केलास?"

"काही न्हाई अण्णा, मोकळ्या जागा घातल्या."

"त्या काढ आधी. सगळ्याच ओळी बदललेल्या दिसायलेत, खरं कोण काय बदललंय ते कुणालाच कळंना."

शिव्या खाऊन मी सगळं होतं तसं केलं आणि अण्णाला फोन लावला. तो आवाज खाली आणून म्हणाला, "त्या प्लगिनचं नाव तेवढं पाठव."