पगाराचं खातं बदललं तेव्हा

चाकणच्या एका लेबर काँट्रॅक्टरकडे मी सतरा वर्षं हजेरी आणि पगाराचं काम बघतो. क्रेडिट रिपोर्ट मला आता चांगला वाचता येतो. त्यातली कुठली नोंद काढून टाकता येते आणि कुठली नाही, हे मी छातीठोक सांगू शकतो. शिकलो मात्र स्वतःच्या चुकीपायी, आणि ते आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

कुरुळीला राहणाऱ्या एक ताई आमच्याकडून वायरिंगच्या कंपनीत लागलेल्या. मूळच्या लातूरकडच्या. गेल्या दिवाळीनंतर त्या ऑफिसात आल्या. निघोज्यात वन आरके बघून टोकन दिलेलं, आणि बँकेनं कर्ज नाकारलेलं. महिनाभरात कर्ज झालं नाही तर टोकनही जाणार होतं आणि घरही.

"साहेब, तुमी कागदातले. बगा की, म्या कुणाचं काय बुडवलंय?"

मी त्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला. जुन्या स्कूटीच्या कर्जावर दोन महिन्यांचा उशीर दिसत होता. ते महिने वाचले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्या वर्षी मालकांनी सगळ्यांची पगाराची खाती दुसऱ्या बँकेत नेली होती. ज्यांचे हप्ते जुन्या खात्यातून कापले जात, त्यांना पंधरा दिवस आधी सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. विसरलो असतो तर निदान तसं म्हणता आलं असतं. चाळीस जण येऊन तेच तेच विचारत बसतील, याचा मला कंटाळा आला होता. पगार नव्या खात्यात पडला, हप्ते जुन्या रिकाम्या खात्यावर बाउन्स झाले. आरडाओरडा झाला तेव्हा मी म्हणालो, "बँकेचा घोळ आहे राव, होईल नीट." ताईंनी माझ्यावर विश्वास ठेवून आणखी महिनाभर वाट बघितली.

"चौकातला एक जण पाच हजारात समदं पुसून देतो म्हनलाय," त्या म्हणाल्या.

"एक रुपया देऊ नका. खरी नोंद पैसे घेऊन कुणालाही पुसता येत नाही. खोटी असेल तर ती फुकट दुरुस्त होते."

खोटी एक सापडली. कर्ज फिटलेलं, नो-ड्यूज पत्र त्यांच्या पिशवीत, तरी रिपोर्टात बाउन्सचा दंड थकीत. पत्र जोडून आम्ही रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेकडे ऑनलाइन तक्रार केली, फायनान्स कंपनीलाही अर्ज दिला. तिसऱ्या आठवड्यात ती नोंद गेली. तोवर मी गप्प होतो, एवढ्यावर भागेल या आशेनं. भागलं नाही. दोन महिन्यांचा उशीर खरा होता, तो राहणारच. तो का झाला हे बँकेला लेखी देणं, एवढंच हातात होतं. आणि कारण मला एकट्याला ठाऊक होतं.

"ताई, बँकेचा घोळ नव्हता. माझा होता." मी सगळं सांगितलं.

"मंजी वसुलीवाला दारात येऊन बोलून गेला, ते तुमच्या कंटाळ्यापायी?"

"हो."

"समदी चाळ बघत होती, साहेब."

मी लेटरहेड काढलं. खातं कधी बदललं, सूचना कुणी द्यायची होती आणि दिली नाही, ते स्वच्छ लिहून खाली सही केली. मालक वैतागले. "आपल्या फर्मची चूक कशाला लिहितोस? खातं बदललं, एवढंच लिही."

"फर्मची नाही लिहिली. माझी लिहिलीय."

मालकांनी पत्र पुन्हा वाचलं आणि शिक्का माझ्याकडे सरकवला. ताई ते पत्र घेऊन एकट्याच बँकेत गेल्या. मी येऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या.

सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. "मंजूर झालं. हप्ता पाच तारखेला जानार हाय. खातं परत बदलायचं आसंल तर आत्ताच सांगा."

"दोन मिनिटं थांबा, ताई," मी म्हणालो, आणि फोन तसाच हातात धरून मालकांच्या केबिनमध्ये विचारायला गेलो.