शेवटच्या किकच्या वेळी

त्या सामन्याची शेवटची किक मी पाहिली नाही. स्टेडियममध्ये होतो, समोर मैदान लख्ख दिसत होतं, तरी नाही पाहिली. आमच्या विद्यापीठाचे जुने विद्यार्थी आजही एकत्र आले की त्या शनिवारची गोष्ट निघते. कोण कुठल्या रांगेत बसलं होतं, कुणाचा आवाज आठवडाभर बसला होता, कुणी मैदानातलं गवत उपटून घरी नेलं आणि कुंडीत लावलं. मग कुणीतरी मला विचारतं, "तू होतास ना रे तिथे?" मी हो म्हणतो आणि विषय दुसरीकडे नेतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. नागपूरहून अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या त्या गावी सिव्हिलची पीएचडी करायला येऊन मला चौथं वर्ष चालू होतं. चारी बाजूंना मक्याची शेतं आणि मधोमध गावाला न शोभणारं अवाढव्य स्टेडियम. आई आदल्या वर्षी गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून या वर्षी बाबांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं.

बाबा रेल्वेच्या टपाल डब्यात नोकरीला होते. धावत्या गाडीत उभं राहून रात्रभर पत्रं लावायची, कुठलं कुठल्या गावाच्या थैलीत ते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतली जुनी अभ्यासिका पूर्णवेळ चालवायला घेतली. विहाराला लागून दोन खोल्या, लांब बाकं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मी तिथेच बसून बारावी केली होती. अमेरिकेला निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी तिथे सगळ्यांसमोर सांगितलं होतं, हा पाच वर्षांनी परत येईल, कॉलेजात नोकरी धरेल आणि संध्याकाळी इथल्या पोरांना गणित शिकवेल. मीही मान हलवली होती.

आणि आता माझ्या टेबलाच्या खणात न्यू जर्सीतल्या एका कंपनीचं पत्र होतं. पुलांच्या डिझाइनचं काम. मी ऑगस्टमध्येच त्यांना हो कळवलं होतं. बाबा सप्टेंबरात आले. त्यांना सांगायचं, आज सांगायचं, असं करत पाच आठवडे गेले. मी त्यांच्यासमोर धड बसत नसे. भांडी घासायला घेतली की एकच ताट पुन्हा पुन्हा घासत राही. लायब्ररीत जाऊन पुस्तक उघडायचं, बंद करायचं, घरी यायचं, आणि घरी आलं की काहीतरी विसरल्याचं सांगून परत बाहेर. बाबा खिडकीशी बसून सगळं बघत. एकदा म्हणाले, "तुझं पोट बरं नाही का?"

अमेरिकन फुटबॉलच्या त्या सामन्याची तिकिटं माझ्या प्रोफेसरांनी दिली. त्यांना त्याच दिवशी भाचीच्या लग्नाला जायचं होतं आणि त्याबद्दल ते भाचीवर मनापासून चिडलेले होते. समोरचा संघ देशातल्या पहिल्या काहींमधला. आमच्या मुलांनी त्यांना किती वर्षांत हरवलं नव्हतं ते गावातल्या न्हाव्यापासून सगळ्यांना पाठ होतं. मी ठरवलं, तिथे सांगू. चार लोकांत बाबा आवाज चढवणार नाहीत. हा विचार मनात आला त्याची मला आजही लाज वाटते, पण आला होता.

दुपारी एकला सामना सुरू झाला. बाबा कोट आणि मफलर घालून, थर्मास मांडीवर धरून बसले होते. खेळ त्यांना कळत नव्हता, पण दोन माणसं साखळी घेऊन धावत येतात आणि बॉल किती पुढे गेला ते मोजतात, हे त्यांना फार आवडलं.

"दर वेळी मोजतात?"

"शंका आली की मोजतात."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "तोंडाने भांडायचं कामच नाही."

मी प्रत्येक विश्रांतीला सांगायचं ठरवत होतो आणि प्रत्येक विश्रांतीला उठून काहीतरी आणायला जात होतो. आधी कॉफी. मग शेंगदाणे. मग पुन्हा कॉफी, जी बाबांनी मागितली नव्हती. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "बस ना आता एका जागी."

शेवटी घड्याळात काही सेकंद उरले तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो. बॉल किक करून टोकाच्या दोन खांबांमधून घालवला की तीन गुण मिळतात. किक मारणारा पोरगा मैदानात आला. समोरच्या संघाने त्याला अस्वस्थ करायला वेळ मागून घेतला. इतका वेळ ओरडणारं सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि गप्प झालं. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडावर दोन्ही हात धरले होते.

बाबाही उभे राहिले. "आता काय?"

"त्या खांबांमधून गेला तर आपण जिंकलो."

"जाऊ दे मग," बाबा म्हणाले. "परत आलास की अभ्यासिकेतल्या पोरांना सांगशील."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "बाबा, मी परत येणार नाहीये. इकडे नोकरी घेतलीय."

मी त्यांच्याकडे बघत होतो आणि ते मैदानाकडे. चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याच क्षणी असा आवाज उठला की पायाखालचं काँक्रीट थरथरलं. मागच्या एका धिप्पाड माणसाने मला मिठी मारून उचललं. मी त्याच्या खांद्याला धरून लोंबकळत होतो. त्याने मला खाली ठेवलं तेव्हा बाबांच्या जागी फक्त थर्मास होता.

लोक कठडे ओलांडून मैदानात उड्या मारत होते. बाबांनी ऐकलं की नाही, ते लोंढ्याबरोबर खाली गेले की माझ्यापासून उठून गेले, मला काहीच कळत नव्हतं. त्यांना डायबेटीस होता, सकाळपासून नीट खाल्लं नव्हतं. इंग्रजी त्यांना वाचता उत्तम यायचं, पण इथल्या लोकांचे उच्चार कळत नसत. थर्मास घेऊन मी मैदानात उतरलो. पोरं खांबांवर चढली होती, एक खांब वाकला होता. करडा कोट दिसला की मी धावत जाऊन त्या माणसाला वळवायचो. एकाने मलाच मिठी मारली. प्रथमोपचाराच्या तंबूत गेलो, पोलिसाला गाठलं. तो हसत म्हणाला की आज सगळेच हरवलेत. माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं आणि त्याने वायरलेसवर वर्णन सांगितलं. मी स्टेडियमला बाहेरून दोन फेऱ्या मारल्या. दर पाच मिनिटांनी वाटे, आपण चुकीच्या बाजूला आहोत.

तास-सव्वा तासाने ते सापडले. आम्ही आत शिरलो होतो त्या अकरा नंबरच्या फाटकाशी, खांबाला पाठ लावून उभे. डोक्यावर कुणीतरी विद्यापीठाची टोपी घातली होती.

"कुठे होतास तू?" ते म्हणाले. "तिकिटावर गेट लिहिलंय. चुकामूक झाली की माणूस आला तिथेच येईल ना?"

मी थर्मासमधला उरलेला चहा आणि शेंगदाणे त्यांना दिले. ते उभ्याउभ्या खाऊ लागले. मग मी विचारलं, "मी म्हणालो ते ऐकलंत?"

"ऐकलं. म्हणून तर खाली आलो. तिथे बसवेना."

घरी आम्ही चालतच निघालो, कारण बस अडकून पडल्या होत्या. रस्ताभर हॉर्न, गाणी, गाड्यांच्या टपावर बसलेली पोरं. अनोळखी माणसं बाबांच्या हातावर टाळी देत होती आणि बाबा प्रत्येकाला वाकून थँक यू म्हणत होते.

गर्दी मागे पडल्यावर ते म्हणाले, "मला विचारतोयस की सांगतोयस?"

"सांगतोय."

"तुझी नोकरी, तुझं आयुष्य. माझ्यासाठी मी काही मागत नाही. पण तिथे पंचवीस-तीस पोरं बसतात रोज. त्यांना मी तुझं नाव सांगून बसवलंय. त्यांना काय सांगू?"

मी म्हणालो, पुस्तकं पाठवीन.

उरलेले आठवडे ते माझ्याशी जेवण आणि हवेपलीकडे फारसं बोलले नाहीत. एअरपोर्टवर मी पाया पडलो तेव्हा पाठीवर हात ठेवला, नेहमीपेक्षा जरा लवकर काढला. मी न्यू जर्सीला गेलो. पहिलं वर्ष मला तिथल्या घरात झोप लागत नसे. नोकरी चांगली होती, पूल चांगले होते, तरी रविवार आला की मी उगाच गाडी काढून एडिसनच्या भारतीय दुकानांपर्यंत जायचो आणि काही न घेता परत यायचो.

पुस्तकं मात्र पाठवली, बोटीने, खोक्यांतून. तीन-चार महिन्यांनी बाबांचं उत्तर येई. त्यात बाकी काही नसे, नुसती यादी. ही चार उपयोगाची. ही दोन रंगीत आहेत पण त्यात काही नाही. अमेरिकेच्या इतिहासाचं पाठवू नये. कॅल्क्युलसच्या आणखी प्रती हव्यात.

दोन वर्षांनी मी सगळी रजा साठवून हिवाळ्यात सहा आठवडे नागपूरला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. रोज संध्याकाळी अभ्यासिकेत गणित घेतलं. पोरं आधी लाजली, मग प्रश्नांनी भंडावून सोडू लागली. एक मुलगी तर माझी चूक काढूनच थांबली. बाबा रोज शेवटच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसत. ते वाचत नव्हते, कारण पान उलटत नव्हतं. मीही सारखं तिकडेच बघत होतो.

चौथ्या दिवशी दिवे मालवताना ते पहिल्यांदा काही बोलले.

"अक्षर फार बारीक काढतोस फळ्यावर," ते म्हणाले. "मागच्या पोरांना दिसत नाही. उद्यापासून मोठं काढ."