वाढणारा म्हसोबा

आमच्या रानाच्या मधोमध म्हसोबा आहे. म्हणजे शेंदराने माखलेला एक उभा दगड. कपिलधारच्या डोंगराकडून येणारा उतार आमच्याच रानातून ओढ्याला उतरतो, आणि त्या उतारावर राखणीला म्हणून पणजोबांनी तो बसवलेला. आबा, म्हणजे माझे वडील, कुळव अगदी त्याच्या अंगाला घासून नेत. जागा वाया घालवणं त्यांना देवापुढेही जमत नसे. लहानपणी तो इतका बुटका होता, की त्याच्यापुढे डोकं टेकायला मांडी घालून खाली बसावं लागे.

मग तो वाढायला लागला. मी शाळेत होते तेव्हा गुडघ्याएवढा होता, लग्न करून बीडला आले तेव्हा मांडीपर्यंत. गावात आमची लई वट वाढली. शेजारच्या गावच्या बायासुद्धा नारळ घेऊन येत. "आमचा देव वाढता हाय," आबा सांगत, आणि सांगताना त्यांची छाती पोराच्या लग्नात फुगावी तशी फुगे. देव वाढला तशी आईच्या नैवेद्याची पोळीही वाढली. ती नंतर आम्हीच खात असू, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

तूर मात्र दरसाल खुरटत चालली होती. आई म्हणे, बियाणं खराब. भाऊ म्हणे, पाऊस वेळेवर नाही. पावसाळ्यात ओढा चहासारखा लाल होऊन जाई आणि आम्ही बांधावर उभं राहून, पाणी चांगलं आलं म्हणून खूश होत असू. शेवटी तर मुरूम उघडा पडला. भाऊ म्हणाला, "आबा, आता इथं काय पिकत न्हाई. रस्त्यावाले मुरूम मागतेत, उकरू दे त्यांना." आबा ऐकून घेत आणि एकच बोलत, "देव वाढतोय त्या रानात. त्याला खड्ड्यात घालू का?"

गेल्या पावसाळ्यात दगड कलला. मी माहेरी होते. आबांनी भावाला हाक मारली, देव सरळ करायचाय म्हणून. आबांची खात्री होती की दगड पार पाताळापर्यंत गेलेला असणार, म्हणून मोठी पहार आणवली. पहिलाच घाव घातला आणि दगडाचं बूड दिसलं. वीतभरसुद्धा आत नव्हता. आडवा केला तर वरचा भाग तेवढा शेंदराच्या जाड पुटांनी फुगलेला, खाली पुटं पातळ होत गेलेली, आणि बुडाशी कोरा काळा दगड.

आबा खाली बसले. बराच वेळ त्या कोऱ्या भागावरून हात फिरवत राहिले.

"देव वाढला न्हाई," ते म्हणाले. "रान खाली गेलं."

उभ्या जन्मात आबांचं एवढंसं तोंड मी पाहिलं नव्हतं. त्यांचा देव आणि त्यांचं रान एकाच दुपारी गेलं असं मला वाटलं. भावालाही तसंच वाटलं असावं, कारण मुरमाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

दगड आबांनी तिथेच, होता तेवढाच वर ठेवून सरळ बसवला. उन्हाळ्यात, आमचा ओढा ज्यात जातो तो खालचा तलाव आटला, तसं सगळं गाव गाळ उपसायला लागलं. आबांनी भावाला ट्रॅक्टर काढायला लावला आणि पहिली ट्रॉली थेट म्हसोबाजवळ रिकामी करायला लावली. गाळ मुठीत घेऊन ते मला म्हणाले, "बघ बाई, आपलीच माती हाय. वरून गेलती, वापस आणली." खालच्या अंगाला दगड रचून बांध घातला. ट्रॉल्या येतच राहिल्या.

पुढच्या अवसेला नारळ घेऊन आलेल्या बायांनी विचारलं, "आबा, देव कावून लहान झाला?"

आबा जराही लाजले नाहीत. "मीच केला," म्हणाले.

परवा माहेरी गेले होते. म्हसोबा माझ्या गुडघ्याला लागतो आता. वाकून डोकं टेकवलं, तर मागून आबा म्हणाले, "अजून मांडी घालावी लागत न्हाई व्हय? मग लई माती आणायचीय."