टाक्या धुणाऱ्या मावशी

प्रयोगशाळेत मावशींचं खरं नाव कुणी वापरत नसे. चोवीस वर्षं त्या तिथं धुण्यापुसण्याचं काम करत होत्या आणि तिथल्या पाच टाक्या त्यांनी तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या होत्या. जेलीच्या पातळ लादीतून वीज सोडून डीएनएचे तुकडे वेगळे करायच्या त्या टाक्या. अंग पारदर्शक अॅक्रिलिकचं, तळाशी केसाएवढी प्लॅटिनमची तार. कुणी ब्रश उचलला रे उचलला, की मावशी मागून येऊन तो काढून घेत. "अगं, कढई घासतेस का? चरे पडतात. शुद्ध पाण्यानं विसळ, उपडी ठेव, आपोआप वाळू दे." प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमसकट मोठमोठ्या पदव्यांची माणसं निमूट ऐकत. न ऐकून करतात काय!

वर्षभरापासून मात्र मावशींना सगळं धुक्यातून दिसल्यासारखं दिसे. मोतीबिंदू. घरी बोलल्या नाहीत, इथं तर नाहीच. दिसत नाही म्हटलं की दारापाशी स्टुलावर बसवतील, ही धास्ती. बाटल्या त्या जागेवरून ओळखत: डावीकडे शुद्ध पाणी, उजवीकडे स्पिरिट.

एका मंगळवारी कुणीतरी बाटल्या भरल्या आणि त्यांच्या जागा बदलून ठेवल्या. स्पिरिटचा वास त्या खोलीत कायमचाच, त्यामुळे नाकालाही कळलं नाही. मावशींनी डावीकडच्या बाटलीनं टाकी शेवटची विसळली आणि जेवायला गेल्या. अॅक्रिलिकला स्पिरिट अजिबात चालत नाही. त्या परतल्या तेव्हा टाकीभर बारीक तडे गेले होते आणि पुढ्यात पीएचडी करणारी मुलगी रडत उभी होती.

"मावशी, काल शेवटची मीच वापरली. व्होल्टेज जास्त लावलं असणार. मॅडमना सांगून येते."

मावशींनी डावीकडची बाटली नाकाशी धरली. स्पिरिट! गप्प बसल्या असत्या तर निभावलं असतं. मॅडम पोरीला चार शब्द बोलल्या असत्या, विषय संपला असता. तो विचार मनात आला याचीच मावशींना लाज वाटली. मुलीच्या आधी त्या मॅडमच्या खोलीत शिरल्या.

"टाकी मी घालवली, मॅडम. पाणी समजून स्पिरिट ओतलं. मोतीबिंदू आहे, बाटलीवरचं दिसत नाही. वर्ष झालं."

मॅडम खुर्चीतून उठल्या. "म्हणजे वर्षभर सगळं नुसत्या अंदाजानं धुतलंत? धन्य आहे तुमची!" मग त्यांचा आवाज चढला. "उद्याच्या उद्या डॉक्टर गाठायचा. ऑपरेशन झाल्याशिवाय इकडे फिरकायचं नाही."

"आणि नंतर?" मावशींनी विचारलं.

"नंतर काय? नंतर इथंच. तुमच्या हातचं काम दुसऱ्या कुणाला जमतंय?"

मावशींनी डोळे पुसले. मग विचारलं, "तोवर टाक्या कोण धुणार?"

"मी धुईन."

मावशींनी मॅडमचा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून चाचपली.

"आधी ही अंगठी काढा," त्या म्हणाल्या. "आणि एक टाकी माझ्यासमोर धुऊन दाखवा."