लाईन बंद आहे ना?

गच्चीवर वीस फुटी लोखंडी पाइप निम्मा उभा झाला होता, आणि नेमकी तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी हरेशची मोटारसायकल वळली. मागे त्याचा एक माणूस बसलेला. पाइपाच्या बुडाशी दत्तारामकाका दोन्ही पायांनी पाइप दाबून बसले होते. त्यांची गल्लीच्या तोंडाकडे पाठ होती, आणि ऐकू तर त्यांना तसंही येत नव्हतं.

मी टीव्ही मेकॅनिक. भिवंडीत निजामपुऱ्याच्या कडेला माझं आठ बाय दहाचं दुकान होतं. ही गोष्ट साधारण दोन हजार पाचच्या आसपासची. तोवर घरोघरी केबल आली होती आणि लोकांनी गच्चीवरचे अँटेना कधीच भंगारात घातले होते. अँटेना म्हणजे ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांचा तो सांगाडा. हवेतून येणारं सरकारी चॅनल तो फुकटात पकडतो. त्याला फक्त उंची लागते, आणि आमच्याकडे मुंबईच्या दिशेला मोकळं आकाश लागतं. सात-आठ वर्षांत मी एकही नवीन अँटेना लावला नव्हता. आणि एक दिवस दत्तारामकाका दुकानात आले, म्हणाले, "सुधाकर, मला अँटेना लावून दे. केबल काढून टाकली मी."

काका जन्मभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा मिस्त्री. चाळीस वर्षं त्या खटखटाटात काढल्यावर कानांचं काय होणार? त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून ओरडावं लागायचं. टीव्हीवर त्यांना एकच गोष्ट हवी असायची, संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या. आणि नेमकी सातला केबल जायची. घरात वीज असायची, पंखा फिरत असायचा, आणि टीव्हीवर मुंग्या.

त्याचं कारण सोपं होतं. केबलच्या वायरीत वाटेवर ठिकठिकाणी सिग्नल वाढवणारा डबा बसवलेला असतो, त्याला ॲम्प्लिफायर म्हणतात. तो विजेवर चालतो. काकांच्या गल्लीचा डबा पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यातून वीज घेत होता. तिकडचं लोडशेडिंग सहा ते नऊ. म्हणजे तिकडची वीज गेली की इकडच्या बातम्या गेल्या. काकांनी केबलवाल्या हरेशला चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी भर नाक्यावर म्हणाले, "काप माझी लाईन! मला तुझी गरज न्हाय!"

हरेश हा आमच्या भागातला केबलवाला. मूळचा खाडीकाठच्या गावातला, आडवा-तिडवा देह, गळ्यात जाड चेन. माणूस वाईट असं कोणी म्हणत नव्हतं, पण त्याच्या वाटेला कोणी जातही नव्हतं. त्याने त्याच दिवशी काकांची वायर तोडली आणि नाक्यावर सगळ्यांदेखत सांगितलं, "आता काकांच्या गच्चीवर अँटेना कोण लावतो तेच बघतो. त्याच्या तंगड्याच हातात देतो."

हे मला तीन वेगवेगळ्या लोकांनी येऊन सांगितलं. तिसऱ्याने तर तंगड्या कशा हातात देतात तेही हावभाव करून दाखवलं. मी वरवर हसलो. आत मात्र घाबरलो होतो. दुकान त्याच्या भागात, जाण्या-येण्याचा रस्ता तोच. पण काकांना नाही म्हणायला जीभ रेटेना. माझा बाप वारला तेव्हा पहिल्यांदा दारात उभा राहिलेला तो माणूस.

काम बघायला मी बुधवारी गेलो. गच्ची एक मजली घराची, छोटी. मागच्या बाजूला लूमच्या शेडची उंच भिंत, मुंबईची दिशा तिनेच अडवलेली. म्हणून पाइप उभा करायचा तर पुढे, गल्लीच्या अंगाला. आणि पुढे गच्चीच्या कठड्यापासून जेमतेम आठ फुटांवर अकरा हजार व्होल्टच्या तीन उघड्या तारा गेलेल्या. घरातली वीज अडीचशे व्होल्टची असते, तिचा झटका बसला तर माणूस एखादे वेळी वाचतो. अकरा हजारला तो प्रश्नच नाही. वीस फुटी पाइप हातातून कलला तर सरळ तारांवर जाणार.

मग मी मनाशी ठरवलं की काम लोडशेडिंगच्या वेळात करायचं. त्या गल्लीत एक ते चार वीज जायची. तारा मेलेल्या असताना पाइप उभा करायचा, तीन बाजूंनी ताण मारून आवळायचा आणि खाली उतरायचं. आम्ही सगळे तेव्हा असंच करायचो.

आणि वीज गेली हे कळायचं कसं? भिवंडीत त्यासाठी कोणी बल्बकडे बघत नाही. आम्ही कानाने बघतो. दिवसभर चहूकडून लूमचा खटखटाट चालू असतो. तो एकदम थांबला की गल्लीतला प्रत्येक माणूस म्हणतो, "लाईन गेली." आमच्याकडे विजेला लाईनच म्हणतात.

गुरुवारी बरोबर एकला लूम थांबले. मी अँटेना खांद्यावर घेऊन निघालो. कोपऱ्यावरच्या पानपट्टीशी हरेशची दोन माणसं उभी.

"मिस्त्री, अँटेना किधर?" एकाने विचारलं.

"भंगारात घालायला चाललोय," मी म्हणालो आणि खरंच भंगारवाल्याच्या गल्लीत वळलो. तिथून मागच्या वाटेने दुकानात. अँटेना कोपऱ्यात टेकवून ठेवला. स्वतःचीच लाज वाटली, पण पाय काही परत तिकडे वळेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुकानात हजर. "घाबरलास होय रे?" त्यांचा हळू आवाजही अर्ध्या बाजाराला ऐकू जातो. "आज ये. मी स्वतः पाइप धरतो. बघू कोण काय करतो."

म्हणून काम शुक्रवारवर गेलं. या वाराकडे लक्ष ठेवा. मी ठेवलं नाही.

त्या दिवशी मी साडेबारालाच गच्चीवर गेलो, हरेशची माणसं जेवायला जातात ती वेळ साधून. पाइपाच्या टोकाला अँटेना बांधला, ताणाच्या तारा अडकवल्या. सगळा वेळ माझं ध्यान गल्लीकडे. मोटारसायकलचा आवाज आला की कठड्याआड वाकायचो. आणि पावणेएकला लूम थांबले. एकामागून एक, सगळे.

आज पंधरा मिनिटं आधीच गेली, मी मनात म्हटलं. बरंच झालं, लवकर सुटका.

तरी पद्धत म्हणून खाली वाकून काकींना विचारलं. काकी स्वयंपाकघरात होत्या.

"काकी, लाईन बंद आहे ना?"

"बंदच हाय रे!" त्या आतून ओरडल्या. पुढेही काही तरी म्हणाल्या, पण माझी मान तोवर गल्लीकडे वळली होती. मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

काकांना हाताने खूण केली. त्यांनी बूड पायांनी दाबून धरलं. मी पाइपाखाली हात घालून एकेक पाऊल पुढे सरकत तो उचलायला लागलो. निम्मा उभा झाला, आणि गल्लीत हरेश वळला.

त्याने वर बघितलं. गाडी अक्षरशः टाकली, स्टँडसुद्धा लावला नाही. आणि दोन्ही हात वर करून बोंबलायला लागला.

"ए मेकॅनिक! लाईन! लाईन!"

मी दचकलो, तसा वरचा अँटेना झुलायला लागला. मी ओरडलो, "शेठ, तुमच्या लाईनला हात नाही लावला! आईशप्पथ! ती परवाच तोडली तुम्ही!"

"अरे लाईन चालू हाय, येड्या! लाईन!"

मला वाटलं, केबल पुन्हा चालू करून देतो म्हणतोय. इतका मी मूर्ख, आणि इतका घाबरलेला. मी म्हणालो, "काकांना नकोय शेठ, त्यांना सांगा, मला नका सांगू!"

तो घरात घुसला. जिन्यावर त्याच्या धावण्याचा आवाज आला. मारायला येतोय, दुसरं काय? पाइप सोडून पळावं असं वाटलं. खरंच वाटलं, मी खोटं सांगत नाही. सोडला असता तर हे लिहायला मी नसतो आणि काकाही नसते.

आणि त्या क्षणी, लूम बंद असल्यामुळे, मला एक आवाज ऐकू आला. पट्ट्याचा फट-फट-फट-फट. त्याच गल्लीच्या टोकाची पिठाची गिरणी. ती चालू होती.

गिरणी काही तेलावर चालत नाही.

मग सगळं एकदम उमगलं. आज शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजासाठी लूम थांबलेत. भिवंडीतल्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं, मलाही होतं. काकी म्हणाल्या ती केबलची लाईन. आणि माझ्या डाव्या हाताला, झुलणाऱ्या अँटेनापासून हातभर अंतरावर, त्या तीन तारा जिवंत आहेत.

पाइप हळूहळू खाली घ्यायचा तर दोघांनी मिळून घ्यायला हवा. मी काकांना ओरडलो, "काका, खाली! खाली घ्या!" काकांना वाटलं, माझी ताकद कमी पडतेय. "हां हां," म्हणत त्यांनी पाइप आणखी वर रेटला. टोक तारांकडे झुकलं. अनवाणी म्हातारा, लोखंडी पाइपाला दोन्ही हातांनी मिठी मारलेला, आणि माझ्याकडे बघून हसतोय! मी डोळे मिटले. देवाचं नावसुद्धा आठवलं नाही. एवढंच मनात आलं की काकींना कोण सांगणार.

तेवढ्यात पाइपाला हिसका बसला आणि भार हलका झाला. डोळे उघडले तर हरेश माझ्या शेजारी. पाइपाखाली त्याचे दोन उघडे हात. लाईन चालू आहे हे त्या गच्चीवर पहिल्यापासून माहीत असलेला एकटा तोच, आणि तरी त्याने लोखंडाला हात घातला होता.

"उजवीकडं," तो हळूच म्हणाला. "माझ्यासंगं. घाई करू नको. काकांकडं बघू नको, पाइपाकडं बघ."

पाऊल-पाऊल मागे सरत आम्ही पाइप उजवीकडे कलवला आणि गच्चीवर आडवा ठेवला. अँटेनाची एक काडी कठड्याला लागून वाकली. एवढंच नुकसान.

मी तिथेच बसलो. हरेश कठड्याला टेकून उभा राहिला. त्याची चेन वर-खाली होत होती. बऱ्याच वेळाने गिरणीचा आवाज मंदावला आणि थांबला. एक वाजला होता. लाईन आत्ता गेली होती.

"शेठ," मी कसाबसा म्हणालो, "मला वाटलं तुम्ही मारायला आलात."

"मारायलाच आलतो," हरेश म्हणाला. "मानसाने सांगितलं, मिस्त्री गच्चीवर चढला. म्हटलं दोन कानाखाली ठेवून देऊ. वर बघितलं तर तू सोताच मरायला निघालेला." मग त्याचा आवाज चढला. "आज जुम्मा हाय, तुला अक्कल न्हाय? म्हाताऱ्याला पन घेऊन गेला असतास!"

मी मान खाली घातली. माझी चूक, सगळी माझीच.

काका कपडे झटकत आले. "काय झालं? पाडला कशाला पाइप?" मग हरेशकडे बघून त्यांचा चेहरा खुलला. "हऱ्या, तू आलास होय हात लावायला? मला वाटलंच होतं. सुमन, तीन चहा टाक गं!" त्यांनी खाली काकींना हाक मारली.

हरेशने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मग तो काकांच्या शेजारी जाऊन बसला. तिघांनी चहा घेतला.

अँटेना मी रविवारी लावला. मागच्या बाजूला, शेडच्या भिंतीला धरून, आणि लोखंडी पाइपाऐवजी बांबूवर. तिथून बांबू कसाही पडला तरी तारांपर्यंत पोचला नसता. चित्र मात्र भिंतीमुळे जरा डावं आलं. शेडच्या पत्र्यावरून सिग्नल उलटतो, त्यामुळे एका माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसते. काका म्हणाले, "बातम्या द्यायला दोन माणसं आली तर बिघडलं काय?" त्यांनी त्यावर पुढे कितीतरी वर्षं सातच्या बातम्या बघितल्या. हरेशने पुन्हा कधी त्या अँटेनाचा विषय काढला नाही. माझ्याशीही फारसा बोलला नाही.

काका शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले की हरेशने केबल कापली खरी, पण अँटेना उभा करायला स्वतः गच्चीवर चढून हात लावला. ते पूर्ण खरं नाही, पण मी कधी दुरुस्त केलं नाही.

शिकायचं म्हणाल तर फार थोडं. पाइप तारेपर्यंत पोचत असेल तर काम घ्यायचं नाही, लोडशेडिंग असो की नसो. गिऱ्हाइकाला "लाईन" आहे का असं विचारायचं नाही, "वीज" आहे का असं विचारायचं. कानावर भरवसा ठेवायचा नाही. हे शेवटचं मला अजून जमलेलं नाही. आता दुकान मुलीच्या घराखाली आहे, गच्चीवर मी चढत नाही. तरी शुक्रवारी दुपारी लूम थांबले की हातातलं काम हातातच राहतं, आणि कुठे गिरणी चालू आहे का ते मी ऐकत बसतो.