आमची लायब्ररी बलुतेदार झाली

हेडमास्तरांनी लायब्ररीच्या रिकाम्या कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"महिन्याभरात इन्स्पेक्टर येताहेत. लोकवर्गणी कुठवर आली?"

"अर्ध्यावर."

"म्हणजे ग्रांट बुडाली म्हणा!"

ग्रांट म्हणजे सरकारची मदत. तिचा नियम सरळ होता. लोकांनी पुस्तकांसाठी जेवढं जमवावं, तेवढंच सरकार वर घालणार. मात्र आपला वाटा ठरलेल्या रकमेला पोचला नाही, तर काहीच नाही. पुस्तकं नाहीत म्हणजे लायब्ररी नाही, आणि लायब्ररी नाही म्हणजे हायस्कूलच्या वर्गांना मान्यता नाही. मग आमची अकरा पोरं पुढं शिकायला बेळगावला जाणार. खरं म्हणजे जाणार नाहीतच, घरी बसणार. त्यांतली सहा जंगलातल्या कुंभारवाडा गावाकडची होती.

आमच्या कॅसलरॉकचे रेल्वेबाबू आणि दुकानदार देऊन मोकळे झाले होते. राहिला कुंभारवाडा. मी बैलगाडीनं निघालो. जंगलातली वाट, हाडं खिळखिळी झाली.

पोचलो तेव्हा खळ्यावर मळणी चालली होती. गावचा बुधवंत, म्हणजे पंचांचा म्होरक्या, सोमा, कुडव घेऊन उभा होता. कुडव म्हणजे भात मोजायचं लाकडी माप. लोहार, कुंभार, न्हावी पोती धरून बसले होते. वर्षभराच्या कामाचं बलुतं घ्यायला आले होते.

"पैका न्हाई मास्तर," सोमा म्हणाला. "भात हाय."

मी बेळगावचा माणूस. मला वाटलं, किती सोपं! म्हटलं, "मग सोमादादा, आमच्या लायब्ररीलाही बलुतं घाला की!"

सोमानं लोहाराकडे पाहिलं. लोहार हसला.

"ह्यो फाळ पाजवतो," सोमा म्हणाला. "तुमची लायब्ररी काय करणार?"

"तुम्ही सांगाल ते!" मी म्हणालो. अडला हरी, त्याला दुसरं काय सुचणार?

घरटी एक कुडव भात पडलं. मी ते कॅसलरॉकच्या व्यापाऱ्याला विकलं आणि वर्गणी पुरी झाली. हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटली. त्यांनी पुस्तकांची यादीही करून टाकली: इंग्रजी कविता, इंग्लंडचा इतिहास, भूमिती. मी मनातल्या मनात फुशारलो होतो.

इन्स्पेक्टर आले. कपाट पाहिलं, पावत्या पाहिल्या, सहीला टाक उचलला. तेवढ्यात दारात सोमा आणि मागं पाच कुळवाडी. डोक्याला मुंडासी, गुडघ्यापर्यंत धूळ.

"मास्तर, बैलांचे खूर सडाय लागल्यात. त्याचं पुस्तक काढा."

हेडमास्तरांचा चेहरा पडला. "अहो, ही लायब्ररी विद्यार्थ्यांची आहे. पुस्तक कपाटाबाहेर जात नाही."

"असं कसं? बलुतं घातलंय न्हवं आमी?"

इन्स्पेक्टरांनी टाक खाली ठेवला. आता अकरा पोरांचं काय, एवढंच डोक्यात घोळत होतं.

"हे कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी घडलं ते सगळं सांगून टाकलं. लपवायला जागाच नव्हती. इन्स्पेक्टर ऐकत राहिले आणि मग इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

"गुरांच्या रोगांचं पुस्तक यादीत आहे?"

"नाही, साहेब," हेडमास्तर पुटपुटले.

"पहिल्या नंबरावर घाला. आणि ते कपाटाबाहेर जाईल असं लिहून द्या. मग सही."

इंग्लंडचा इतिहास यादीतून गेला. मला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही. ग्रांट मिळाली, मान्यता आली आणि अकराही पोरं वर्गात बसली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पुस्तक आलं, पण वाचून दाखवणार कोण? दर महिन्याला बैलगाडीत मीच. एकदा आठवडाभर उशीर झाला, तर सोमा खळ्यातूनच ओरडला, "लोहार बरा, येळंवर येतो!"

सरकारचा इन्स्पेक्टर वर्षातून एकदा यायचा. कुंभारवाड्यात इन्स्पेक्टर घरटी एक होता. म्हणून नव्या मास्तरांना मी एवढंच सांगतो: वर्गणी मागा, देणगी मागा, पण बलुतं मागण्याआधी बैलगाडीत बसायची सवय करून घ्या.